आठ कोस

पौषातला रविवार. दौलतगंजातलं वाचनालय,
वरच्या मजल्यावर सतरंजी, दोन डुगडुगत्या खुर्च्या
आणि ताटलीत मुरैन्याची गजक,
जी चावताना इतका आवाज होतो
की माझ्या कादंबरीवरचं पहिलं मत कुणाला ऐकूच आलं नाही.
बहुधा चांगलं होतं.

गोष्ट तुम्हाला ठाऊक नसणार. तीनशे प्रती निघाल्या,
त्यातल्या एकशेदहा माझ्या पलंगाखाली आहेत.
सरदाराची विधवा लेक सगुणा,
मोजणीखात्यातला गोरा मॅक्रे,
मुरारची छावणी, साल एकोणीसशे चार,
आणि अठराव्या प्रकरणात रात्रीची गाडी,
जिच्यात बसून ती त्याच्या तंबूकडे जाते.

ढवळेबाई म्हणाल्या, रडले मी.
ह्यांना वाटलं, कांदा.
बँकेतले साठे म्हणाले, गोऱ्याला इतकं शुद्ध मराठी येतं कसं?
आमच्या जावयाला येत नाही, आणि तो तर भोपाळचा.
मागून कुणी विचारलं, पुढे मूलबाळ झालं का त्यांना?
जणू बारशाचं बोलावणं यायचं राहून गेलं होतं.

मग आश्लेषा, एम.ए.ची पोर,
पुस्तकातून रंगीत चिठ्ठ्या बाहेर डोकावताहेत.
"सगळ्या पुस्तकभर पंखा हलतो, मॅडम.
पायाच्या अंगठ्याला दोरी बांधून बाहेर कोण बसलंय?
साहेबाच्या घोड्याला नाव आहे.
याला नाही."

मी पाणी प्याले.
मडमांच्या झग्यांच्या लेसचे चौदा प्रकार
मी दोन उन्हाळे खपून शोधले होते.

तेवढ्यात मुळ्ये उठले. छोट्या लाइनचे गार्ड, निवृत्त,
शिट्टी अजून कोटाच्या खिशात.
"प्रेम वगैरे ठीक आहे, ताई. पण ती बसली कशात?
त्या साली त्या लाइनीवर रात्री गाडीच नव्हती.
सहानंतर इंजिन शेडमध्ये. माझे आजोबा फायरमन होते.
तुमची बाई फलाटावर उभी आहे
अजून."

सगळे हसले. जरा उशिरा मीही.

कोपऱ्यात कावेरीबाई. वय ब्याऐंशी, एका कानाने ऐकू येत नाही,
मांडीवर भिंग, भिंगाखाली पान एकशेसाठ.
"शेवट सांगू नका रे कुणी," त्या म्हणाल्या,
"मी अजून तिथवर आले नाही."
नातवाने कानाशी ओरडून सांगितलं,
आजी, गाडी नव्हती म्हणतात!

"गाडी कशाला हवी?
मागच्याच पानावर तिने चांभाराकडून
जाड तळाच्या वहाणा शिवून घेतल्यात.
मी तेव्हाच म्हटलं, ही चालणार."

वहाणा.
मला आठवेना मी त्या का लिहिल्या.
दुपार असेल, वाक्य रिकामं वाटलं असेल,
एखादी वस्तू ठेवून दिली असेल, कोनाड्यात ठेवतात तशी.

मुळ्ये खुर्चीवर टेकले. बोटांवर काहीतरी मोजत राहिले.
"मुरारहून पनिहार," ते बऱ्याच वेळाने म्हणाले,
आवाज आता टाइमटेबलचा नव्हता,
"आठ कोस. जेठातली रात्र, वाट मोकळी.
दहाला निघाली असेल
तर कोंबडं आरवायच्या आत पोचते हो. पोचते."

गजक संपली. पायऱ्यांवर वहाणा शोधताना
कुणीतरी माझ्या घालून गेलं होतं.

दुसरी आवृत्ती निघायची नाही, प्रकाशकाने कळवलंय.
तरी रात्री पलंगाखालून एक प्रत ओढली,
अठराव्या प्रकरणातली गाडी पेन्सिलीने खोडली,
इंजिन, धूर, खिडकीतला चंद्र, सगळंच.
समासात लिहिलं, चालत.

मग अडले.
जेठातली रात्र, छावणी झोपलेली, कुत्रीसुद्धा.
जाड तळाच्या वहाणांचा आवाज व्हरांड्यावरून जातो
आणि पंखा क्षणभर थांबतो.
त्याने पाहिलं तिला. बोलला नाही. दोरी पुन्हा ओढली,
साहेब जागा होऊ नये इतपत.

दीड वाजलाय. समासात
तीन नावं लिहून खोडली मी.
चौथं सुचत नाही. आश्लेषाला विचारावं का?
तिचा नंबर
कुणाकडे असेल.